न मागणाऱ्या मुलाचा हक्क

घरात पैशांची चणचण सुरू झाली, की ती सर्वांत आधी कुणाला कळते? किराणा दुकानदाराला ती उधारीची वही उघडल्यावर कळते. नातेवाइकांना हातउसने मागितल्यावर कळते. घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र ती त्याआधीच कळलेली असते. अम्मीने डाळीत पाणी वाढवलेले त्याने पाहिलेले असते. फोन आला की अब्बा उठून अंगणात का जातात, हे त्याला ठाऊक असते. मग ते मूल काही न बोलता आपल्या गरजा आखडून घेऊ लागते. ईदच्या कपड्यांचा विषय निघाला की म्हणते, मागच्या वर्षीचा कुर्ता अजून अंगाला येतो. शाळेच्या सहलीची चिठ्ठी दप्तरातच राहते. ताटातले अंडे धाकट्या बहिणीच्या ताटात जाते आणि वर सांगितले जाते, मला अंडे आवडत नाही.

आपण वडीलधारी माणसे हे पाहतो आणि मनोमन सुखावतो. पोर किती समजूतदार आहे, असे म्हणतो. ते समजूतदार असतेच, अल्हम्दुलिल्लाह. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मुलाने आपल्या वाट्याचे जे मुकाट्याने सोडले, ते घेण्याचा आपल्याला किती अधिकार आहे? तो आपल्याला मिळालेला नजराणा आहे, की आपल्याकडे ठेवलेली अमानत?

आपल्या जिल्ह्यातील वास्तव

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकातील बेळगावपर्यंत टोळ्या पोहोचतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत विसावा नसतो आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. या टोळ्यांत इतर समाजांच्या बांधवांबरोबर आपलीही काही कुटुंबे असतात. जी ऊसतोडीला जात नाहीत, त्यांच्यापैकी कुणी हातगाडीवर फळे विकतो, कुणी गॅरेजात हात काळे करतो, कुणी बांधकामावर जातो. पाऊस रुसला की या सर्वांच्याच चुलीची धग कमी होते.

या सहा महिन्यांत मुलांचे काय होते, हे आपण जाणतो. काही मुले गावी दादी-नानीजवळ राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. काही मुले फडावर जातात, तेथे कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतात आणि मोळ्या बांधताना हाताशी उभी राहतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी रमजानचा महिना मार्चमध्ये सुरू झाला. त्या वेळी हंगाम संपत आलेला असतो, परंतु सगळ्या टोळ्या परतलेल्या नसतात. दादीच्या हाताखाली सहेरीला उठणाऱ्या आणि फोनवर अम्मीला सर्व ठीक आहे असे सांगणाऱ्या मुलांचा रमजान आपल्या गल्लीतच पार पडतो. त्या 'सर्व ठीक आहे' या तीन शब्दांत किती गोष्टी दडलेल्या असतात, याचा हिशेब कुणी करीत नाही.

मुलाची नेकी अल्लाहजवळ मान्य आहे

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे, की मुलाचे हे वागणे खरोखर नेकी आहे. आपल्या दीनमध्ये त्याला एक सुंदर नाव आहे: ईसार. स्वतःला गरज असताना दुसऱ्याला स्वतःच्या आधी ठेवणे, असा त्याचा अर्थ. मदीनेच्या अन्सारांनी मक्केहून आलेल्या मुहाजिर बांधवांना आपल्या घरांत आणि मळ्यांत वाटेकरी करून घेतले, तेव्हा सूरह हश्रच्या नवव्या आयतीत अल्लाहने त्यांच्या या गुणाची प्रशंसा केली. स्वतः तंगीत असतानाही ते इतरांना अग्रक्रम देतात, असा त्या आयतीचा आशय आहे.

काहींना वाटेल, की मूल तर अजून बालिग नाही, मग त्याच्या कर्मांचे मोल काय? शरीयतचे उत्तर मनाला दिलासा देणारे आहे. मूल वयात येईपर्यंत त्याच्या चुका लिहिणारी लेखणी उचललेली असते. नेकीची गोष्ट मात्र वेगळी आहे. हजच्या प्रवासात एका स्त्रीने आपले मूल वर उचलून प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारले, की याचाही हज होतो का? त्यांनी होकार दिला आणि तिलाही त्याचे पुण्य मिळेल असे सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे मुलाचा गुन्हा लिहिला जात नाही, परंतु त्याची भलाई वाया जात नाही. ज्याने आपले अंडे बहिणीच्या ताटात ठेवले आणि आवडत नाही अशी सबब सांगितली, त्याने आपला सदकाही झाकून ठेवला. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण मोठ्यांना आयुष्यभर साधत नाही. ते मूल ती न शिकवता आचरून दाखवते.

दिवा मालवलेल्या घराची गोष्ट

ईसारचा विषय निघाला, की आपण सर्व जण एक प्रसंग सांगतो. एक भुकेला पाहुणा प्रेषित (सल्ल.) यांच्याकडे आला. त्यांच्या घरी त्या वेळी पाण्याखेरीज काही नव्हते. एका अन्सारी सहाबींनी पाहुण्याला आपल्या घरी नेले. तेथे केवळ मुलांपुरते अन्न होते. पती-पत्नीने मुलांना समजावून झोपविले, दिवा मालवला आणि अंधारात आपणही जेवत असल्याचा आभास निर्माण केला. पाहुणा पोटभर जेवला, यजमान उपाशी राहिले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत हा प्रसंग आहे आणि वर उल्लेखिलेली आयत याच संदर्भात अवतरली असे त्यात नमूद आहे.

हा प्रसंग सांगताना आपण त्या माता-पित्यांवर थांबतो. झोपी गेलेल्या मुलांकडे आपले लक्ष जात नाही. परंतु आपल्या विद्वानांचे लक्ष तेथे गेले होते. सहीह मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी (मृत्यू इ.स. १२७७) यांनी या ठिकाणी थांबून खुलासा केला आहे. ती मुले खरोखर भुकेने व्याकूळ नव्हती, लहान मुले सवयीने खायला मागतात तशी ती मागत होती, असे ते म्हणतात. मुलांना न जेवल्याने अपाय होणार असता, तर त्यांना जेऊ घालणे वाजिब ठरले असते आणि पाहुणचारापेक्षा ते आधी करावे लागले असते.

सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा खुलासा आजच्या आई-वडिलांनी मनात कोरून ठेवावा असा आहे. ईसार हा आपल्या स्वतःच्या वाट्याचा करावयाचा असतो. दुसऱ्याच्या ताटातले उचलून दानशूर होता येत नाही, मग तो दुसरा आपल्याच पोटचा का असेना. आदरणीय आयेशा (रजि.) यांच्या दारी दोन मुलींना घेऊन आलेल्या गरीब मातेचे उदाहरण आठवा. तिला तीन खजूर मिळाल्या. एकेक मुलींना दिली, तिसरी आपल्या तोंडाशी नेली, तोच मुलींनी तीही मागितली. तिने तिचे दोन तुकडे करून दोघींना दिले. प्रेषित (सल्ल.) यांनी तिला जन्नतची शुभवार्ता दिली. पाणी डोंगरावरून खाली वाहते तसा ईसार आईकडून लेकरांकडे वाहिला. आपल्या घरांत तो पुष्कळदा उलट, लेकरांकडून आई-बापांकडे वाहू लागतो आणि ते आपल्याला कळतही नाही.

ईदीच्या पैशांचा प्रश्न

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ईदच्या दिवशी मामा, चाचा, फुफी यांनी मुलाला ईदी दिली. दहा-वीस करीत दोन-तीनशे रुपये जमले. संध्याकाळी मुलाने ते अम्मीच्या हातात ठेवले आणि म्हणाले, तुला गॅसला लागतील. अम्मीचे डोळे भरून आले. हे पैसे कुणाचे?

फिकहचे उत्तर असे, की हे पैसे अजूनही त्या मुलाचेच आहेत. हनफी फिकहमध्ये जाण असलेल्या नाबालिग मुलाच्या व्यवहारांचे तीन प्रकार केले आहेत. ज्यात त्याचा केवळ फायदा आहे, उदाहरणार्थ भेट स्वीकारणे, ते वैध आहे. ज्यात फायदा-तोटा दोन्ही संभवतात, उदाहरणार्थ खरेदी-विक्री, ते वलीच्या म्हणजे पालकाच्या संमतीवर अवलंबून आहे. आणि ज्यात त्याचा केवळ तोटा आहे, उदाहरणार्थ आपला माल दान करणे, ते मुळात वैधच ठरत नाही. पालकाने संमती दिली तरी ठरत नाही. पालक स्वतःही मुलाचा माल कुणाला देऊन टाकू शकत नाही. बाप खरोखर मोताद झाला असेल तर गरजेपुरते मुलाच्या मालातून घेण्याची त्याला मुभा आहे. परंतु ती गरजेपुरती मुभा आहे, मालकी नव्हे.

वरवर पाहता हा नियम रूक्ष वाटतो. मूल प्रेमाने देत आहे आणि कायदा म्हणतो, देता येत नाही! थोडा विचार केला, की त्यातील रहमत दिसू लागते. मुलाचे मन मोठे असते आणि त्याची समज लहान. आपण काय देत आहोत, त्याची उद्या किती गरज पडेल, हे त्याला उमगत नाही. म्हणून शरीयतने त्याच्याभोवती कुंपण घातले. हे कुंपण चोरापासून रक्षण करणारे आहेच, त्याहून अधिक ते मुलाचे त्याच्या स्वतःच्या औदार्यापासून रक्षण करणारे आहे. त्याच्या नियतीचे पुण्य अल्लाहने राखून ठेवले आणि त्याचा तोटा मात्र मंजूर केला नाही.

जो नियम दोनशे रुपयांना लागू आहे, तो त्याच्या दुधाला, त्याच्या शाळेच्या वर्षाला, त्याच्या झोपेला किती अधिक लागू असावा, याचा विचार आपणच करावा.

हजरत इब्राहीम (अ.) यांनी विचारले

हीच गोष्ट आपण दरवर्षी बकरी ईदला ऐकतो, परंतु या अंगाने तिच्याकडे पाहत नाही. मुलाच्या त्यागाची सर्वांत मोठी कथा हजरत इस्माईल (अ.) यांची. सूरह साफ्फातमध्ये ती आली आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांना स्वप्नात आदेश मिळाला होता. पैगंबरांचे स्वप्न म्हणजे अल्लाहची आज्ञाच. तरीही त्यांनी मुलाला अंधारात ठेवले नाही. स्वप्न सांगितले आणि तुझे मत काय, असे विचारले. मुलाने राजीखुशीने मान तुकवली. आणि मग काय घडले? अल्लाहने त्या मुलाची तयारी स्वीकारली, मुलाला मात्र घेतले नाही. त्याच्या जागी कुर्बानीचा प्राणी दिला.

म्हणजे सर्व विश्वाचा मालक, ज्याचा त्या मुलावर खराखुरा हक्क होता, त्याने मुलाचे मन स्वीकारले आणि मूल परत दिले. मग आपण, जे केवळ अमानतदार आहोत, मुलाचे मन आणि मूल दोन्ही कसे घेणार?

येथे विचारणे हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याचा दुसरा दाखला प्रेषित (सल्ल.) यांच्या मैफलीतला आहे. त्यांच्यासमोर पेय आणले गेले. उजव्या बाजूला एक मुलगा बसला होता, डाव्या बाजूला वयस्कर मंडळी. उजवीकडून देण्याची रीत असल्याने हक्क मुलाचा होता. प्रेषित (सल्ल.) यांनी मुलाला विचारले, की हे मी आधी या वडीलधाऱ्यांना देऊ का? मुलगा म्हणाला, की आपल्याकडून मिळणारा माझा वाटा मी कुणासाठीही सोडणार नाही. यावर कुणी त्याला उद्धट ठरविले नाही, त्याग कसा करावा यावर उपदेश केला नाही. प्रेषित (सल्ल.) यांनी प्याला त्याच्या हातात ठेवला. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीसही बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे.

आपल्या घरातल्या समजूतदार मुलाला असा नकार देण्याची संधी कधी मिळते का? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला ईसार म्हणता येईल का? माझ्या मते या संपूर्ण प्रश्नाची किल्ली येथे आहे. हक्क आधी मुलाच्या हातात ठेवावा लागतो. त्यानंतर त्याने दिले तर ते दान होय. आधीच काढून घेतलेल्या गोष्टीवर त्याने तक्रार केली नाही, तर तो त्याचा सबर आहे, आपली मिळकत नव्हे.

स्तुतीचा फास

समजूतदार मुलाची आपण चारचौघांत स्तुती करतो. हा बघा, कधी काही मागत नाही! हेतू चांगला असतो, परंतु परिणाम वेगळा होतो. त्या दिवसापासून त्या मुलाला मागणे बंद होते, कारण मागितले तर आपले नाव जाईल. ज्या गुणाचे कौतुक व्हावयाचे, त्याचाच फास होतो. दुसरीकडे हट्ट करणाऱ्या भावाला हवे ते मिळते, कारण तो गप्प बसत नाही. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित (सल्ल.) यांना साक्षीदार होण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, की सर्व मुलांना असेच दिले आहे का? नाही म्हटल्यावर, अल्लाहचे भय बाळगा आणि मुलांमध्ये न्याय करा, अशी ताकीद दिली. न्याय करावयाचा तर जो रडतो त्याच्याच नव्हे, जो रडत नाही त्याच्याही ताटात डोकवावे लागते.

स्वतःची गरज लपवता लपवता मूल स्वतःलाच घरावरचा बोजा समजू लागते, तेव्हा गोष्ट फार पुढे गेलेली असते. २०१५ च्या दुष्काळात शेजारच्या लातूर जिल्ह्यात एका शाळकरी वयाच्या मुलीने आपले जीवन संपविले. एस.टी.च्या पासासाठी घरात पैसे नव्हते. त्या पासाची किंमत तीनशे रुपयांहूनही कमी होती. अवघ्या महाराष्ट्राने ती बातमी वाचली. आई-वडिलांना बोल लावण्यासाठी मी तिचा उल्लेख करीत नाही, त्यांच्यावर कोसळलेले दुःख अल्लाहच जाणे. परंतु आपल्या मुलांना हे उच्चारून सांगितले पाहिजे: बाळा, तू या घराचा खर्च नाहीस, तू या घरावर अल्लाहची रहमत आहेस. तुझा जीव ही त्याची अमानत आहे. पैशांची काळजी आमची, ती तुझ्या खांद्यावर नाही. हे वाक्य श्रीमंतांच्या घरात न बोलता चालते. तंगीच्या घरात ते बोलावेच लागते.

मुलीचे मौन

मुकाट्याने देणाऱ्यांमध्ये मुली पुढे असतात. धाकट्यांना सांभाळण्यासाठी शाळा सुटते ती बहुधा तिची. आणि मग एक दिवस तिच्याकडून सर्वांत मोठी गोष्ट मागितली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर १० स्त्रियांपैकी ४ हून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. यात सर्व समाज आले, आपणही आलो. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलीच्या सुरक्षेची चिंता, हुंड्याचा वाढता आकडा, एक खाणारे तोंड कमी होण्याचा हिशेब, अशी त्याची कारणे सांगितली जातात. मुलगी हे सर्व ऐकत असते. तिला विचारले जाते आणि ती गप्प राहते. अब्बांचा भार हलका होईल, एवढेच तिच्या मनात असते.

कुमारिकेचे मौन म्हणजे तिची संमती, ही हदीस येथे लगेच पुढे केली जाते. हदीस खरी आहे. ती लाजऱ्या मुलीवरचा शब्दांचा भार कमी करण्यासाठी आहे, तिचे तोंड बंद ठेवण्यासाठी नाही. फुकहांनी स्पष्ट केले आहे, की मौनासोबत नाराजीची चिन्हे दिसत असतील, ती आक्रोश करून रडत असेल, तर त्या मौनाला संमती मानता येणार नाही. शिवाय देशाच्या कायद्याने अठरा वर्षांची मर्यादा घातली आहे आणि ती मुलीच्या भल्याची आहे.

नसाई आणि इब्ने माजह यांच्या संग्रहांत एका तरुणीची हकीकत आहे. तिने तक्रार मांडली, की माझ्या वडिलांनी स्वतःची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी माझे लग्न आपल्या पुतण्याशी लावून दिले. प्रेषित (सल्ल.) यांनी निर्णय तिच्या हाती दिला. तेव्हा ती म्हणाली, की वडिलांनी केले ते मी मान्य करते, मला फक्त स्त्रियांना हे कळवायचे होते, की वडिलांना असा अधिकार नाही. प्याल्याच्या प्रसंगातील मुलाने नाही म्हटले, या तरुणीने हो म्हटले. दोघांचाही मान राहिला, कारण दोघांच्या हातात आधी त्यांचा हक्क ठेवला गेला होता.

केवळ घराची जबाबदारी नव्हे

येथवर वाचून एखादा बाप म्हणेल, मौलाना, तुमचे सर्व खरे, पण माझ्या खिशात काही नसताना मी काय करू? हा प्रश्न न्याय्य आहे. सूरह तलाकमध्ये अल्लाहने सांगितले आहे, की ज्याची रोजी आखडलेली आहे त्याने त्यातूनच खर्च करावा, अल्लाह कुणावरही दिलेल्यापेक्षा अधिक भार टाकत नाही. गरिबी हा गुन्हा नाही. कष्ट करणाऱ्या बापाला अपराधी ठरविण्याचा दीनला हक्क नाही, मग आपल्याला कसा असेल? जेथे बापाचा हात पोहोचत नाही, तेथे जमातीचा हात पोहोचला पाहिजे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत मुलांना बैतुलमालमधून वजीफा मिळत असे, परंतु तो दूध सुटल्यानंतर. एका रात्री मदीनेबाहेर उतरलेल्या काफिल्याची राखण करताना त्यांना तान्ह्या मुलाचे रडणे वारंवार ऐकू आले. आईला विचारले तेव्हा कळले, की वजीफा लवकर सुरू व्हावा म्हणून ती मुदतीआधीच त्याचे दूध तोडत होती. आपण कुणाशी बोलत आहोत हे तिला ठाऊक नव्हते. फजरच्या नमाजमध्ये हजरत उमर (रजि.) इतके रडले, की लोकांना किरअत नीट ऐकू येईना. त्यानंतर त्यांनी हुकूम काढला, की वजीफा जन्मापासून सुरू होईल. त्यांनी आईला दोष दिला नाही. आपला नियम बदलला. ते मूल निदान रडत तरी होते, आपल्या गल्लीतली मुले तर रडतही नाहीत.

म्हणून कुरआनने सूरह बकरहच्या २७३ व्या आयतीत आपल्याला एक खूण दिली आहे. काही गरजवंत असे असतात, की त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. ते लोकांना चिकटून मागत नाहीत, चेहऱ्यावरून ओळखावे लागतात. प्रेषित (सल्ल.) यांनीही खरा मिस्कीन तो सांगितला, जो दारोदार फिरत नाही, ज्याची गरज कुणाच्या लक्षात येत नाही. ही ओळख सर्वांत अधिक कुणाला लागू पडते, तर समजूतदार मुलाला.

आपल्या मस्जिदींच्या कमिट्यांनी यातून काही धडे घ्यावेत. रमजानपूर्वी गल्लीतील कोणत्या घरांत आई-बाप बाहेरगावी आहेत आणि मुले आजी-आजोबांजवळ आहेत, याची यादी करावी. फितरा ईदच्या नमाजपूर्वी त्या घरी पोहोचावा, आणि शक्य तर इतका आधी, की मुलांचे कपडे शिवून होतील. मदत देताना मुलाला रांगेत उभे करू नये, त्याचा फोटो काढू नये. मकतबच्या उस्तादांनी आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंनी सहलीची चिठ्ठी परत न आणणाऱ्या मुलाला वर्गासमोर कारण विचारू नये. त्याचे कारण बहुधा आपल्याला माहीत असते.

घरासाठी काही गोष्टी

मुलांना घरची परिस्थिती सांगावी की लपवावी, असे पुष्कळ पालक विचारतात. मुलाला पेलेल एवढे खरे सांगावे. लपवलेले त्याला कळतेच, आणि एकट्याने कळलेले अधिक जड असते. या वर्षी नवे कपडे दोघांनाच घेता येतील, काय करावे, असे सर्वांना बसवून विचारावे. कपडे, मिठाई, जत्रेतले खेळणे अशा बाबतीत मुलाने आपणहून वाटा सोडला तर तो कृतज्ञतेने घ्यावा आणि जझाकल्लाह म्हणावे, जसे मोठ्या माणसाला म्हणतो. परंतु पोटातले अन्न, औषध, शिक्षण आणि लग्नाचा निर्णय या चार गोष्टींत मुलाचा त्याग घेऊ नये, त्याने कितीही प्रेमाने दिला तरी. तेथे आईनेच म्हणावे, बेटा, हे तुझे आहे, माझ्यासमोर खा.

ईदी घ्यावी लागली तर वहीत लिहून ठेवावी आणि उचल फिटली, हातात चार पैसे आले, की ती परत करावी. रक्कम लहान असेल, पण त्या दिवशी मुलाला जे कळेल ते मोठे असेल: माझ्या देण्याची या घरात नोंद होती. असे मूल मोठेपणी देताना कडवट होत नाही. ज्याच्या देण्याची कधी दखल घेतली गेली नाही, तो पुढे एकतर देणे थांबवतो किंवा स्वतःसाठी काही मागणे म्हणजे पाप समजतो. दोन्हींत नुकसान आहे.

आज रात्री जेवताना आपल्या घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाच्या ताटाकडे एकदा पाहावे. त्याला जे आवडत नाही म्हणून तो सांगतो, ते खरोखर आवडत नाही का, हे एकदा विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

हे अल्लाह, आमच्या लेकरांनी तुझ्यासाठी आणि आमच्यासाठी जे जे मुकाट्याने सोडले, ते तू जाणतोस. त्याचा मोबदला त्यांना दे. त्यांचा हक्क ओळखण्याची नजर आम्हाला दे आणि तो अदा करण्याइतकी रोजी दे. आमीन.